उतारवयांतील मोटारचालक आणि विम्याचा हप्ता

मोटारीच्या विम्याची मुदत संपत आली, म्हणजे साठी ओलांडलेल्या गृहस्थाच्या मनांत एक शंका हटकून येते: वय वाढलें म्हणून आतां हप्ताहि वाढणार काय? इंग्लंड-अमेरिकेंत पुष्कळ ठिकाणीं चालकाचें वय पाहूनच दर ठरतो. भारतांतील रीत निराळी आहे. येथें विमा मुख्यतः गाडी पाहून आकारला जातो.

या विम्याचे दोन भाग असतात. गाडीमुळें परक्यास इजा झाल्यास भरपाई देणारा पहिला भाग १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें सक्तीचा आहे. त्याचा दर सरकार ठरवितें, आणि तो इंजिनाच्या आकारावर अवलंबून असतो. २०२२ सालच्या दरांत खासगी मोटारीस १००० सी. सी. पर्यंत २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यापुढें ७,८९७ रुपये असा हिशेब होता. मुंबईचा तिशींतला तरुण असो कीं सावंतवाडीचा सत्तरीचा वृद्ध, दोघांस दर एकच.

दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. गांवाचा संबंध येतो तो येथें. २००२ च्या दरपत्रकानें देशाचे दोन विभाग पाडले. मुंबई, पुणें, अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता व नवी दिल्ली हीं आठ शहरें 'अ' विभागांत आणि बाकीचा सारा देश 'ब' विभागांत. पांच वर्षांच्या आंतील १२०० सी. सी. च्या गाडीस हे दर शेंकडा ३.२८३ आणि ३.१९१ असे होते. म्हणजे चार लाख किंमतीच्या गाडीस पुण्यास १३,१३२ रुपये, तर साताऱ्यास १२,७६४. फरक अवघा ३६८ रुपयांचा! शिवाय हा विभाग नोंदणी-कचेरीवरून ठरतो. निवृत्तीनंतर बिऱ्हाड कोंकणांत हलविलें, पण नोंदणी पुण्याचीच राहिली, तर विभागहि पुण्याचाच. २००७ पासून या भागाचे दर कंपन्यांवर सोपविले गेले. यास्तव दोन-तीन ठिकाणीं चौकशी केल्यावांचून पैसे भरूं नयेत.

गांवापेक्षां चालकाच्या संयमाचें मोल अधिक आहे. भरपाई न मागतां एक वर्ष गेलें, कीं या दुसऱ्या भागावर शेंकडा २० सूट मिळते. पुढें ती २५, ३५, ४५ अशी वाढत पांचव्या वर्षाअखेर ५० पर्यंत जाते. वर सांगितलेले १३,१३२ रुपये त्यामुळें ६,५६६ वर येतात. थोडी आणि जपून गाडी चालविणाऱ्या वृद्धाची ही खरी मिळकत होय. एखाद्या ओरखड्याच्या भरपाईसाठीं ती गमावणें शहाणपणाचें नव्हे. मुदत संपल्यावर ९० दिवसांत विमा पुढें चालू न केल्यासहि ती बुडते.

वय खरोखर आड येतें तें परवान्याच्या बाबतींत. पंचावन्न वर्षें उलटल्यावर परवाना एका वेळीं पांच वर्षांपुरताच मिळतो, आणि त्यासाठीं डॉक्टरचा दाखला लागतो. मुदत संपलेल्या परवान्यावर गाडी चालवितांना अपघात झाला, तर कंपनी गाडीची भरपाई नाकारूं शकते. इतकेंच नव्हे, तर परक्यास दिलेली रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभाहि तिला मिळूं शकते. आयुष्यभराची पुंजी अशा एका तारखेच्या विस्मरणानें धोक्यांत येते. मुदत संपण्यापूर्वीं वर्षभर अर्ज करतां येतो. म्हणून विम्याची पावती कपाटांत ठेवतांना परवान्यावरील तारीखहि त्याच वेळीं पाहून घ्यावी.