गाडीला ताप येतो तेव्हा

गोष्ट मे महिन्यातली आहे. धुळ्याहून चाळीसगावमार्गे आम्ही कन्नडला लग्नाला निघालो होतो. मामांची गाडी वयाने माझ्याहून मोठी. आत मामा, मामी, आजी, आम्ही दोघे भाऊ आणि मागे आहेराची ट्रंक. सकाळी सहाला निघायचे ठरले होते, निघेपर्यंत साडेदहा वाजले. चाळीसगाव सोडले आणि कन्नडचा घाट लागला तेव्हा ऊन अगदी डोक्यावर आले होते.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर गाडीच्या तापमानाचा काटा तांबड्या रेघेला टेकला. चौथ्या वळणावर बॉनेटखालून वाफ येऊ लागली. मामांनी गाडी कडेला घेतली. मी उत्साहाने उतरलो, हाताला पंचा गुंडाळला आणि रेडिएटरचे झाकण उघडायला धावलो. इतक्यात मागून आलेल्या ट्रकचा चालक जोरात ओरडला, "ओ भाऊ, हात लावू नका! तठे वाफ शे!"

त्या ओरडण्याने माझा हात वाचला. कसा वाचला, हे मला पुढे शाळेत भौतिकशास्त्र शिकताना समजले. आज तीच हकीगत तुम्हांला सांगायची आहे.

तेरा शेगड्यांची उष्णता

मित्रांनो, मोटारीचे इंजिन म्हणजे एक भट्टीच असते. सिलिंडरमध्ये पेट्रोल जळते तेव्हा तेथील वायूचे तापमान क्षणभर २००० अंश सेल्सियसच्याही वर जाते. ॲल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळते! तरीही इंजिन वितळत नाही, कारण त्याच्या भिंतींमधून सतत पाणी खेळवलेले असते.

हे पाणी किती उष्णता वाहून नेते, याचा अंदाज करू या. समजा, एक जुनी गाडी एका लिटरमध्ये १२ किलोमीटर जाते आणि ताशी ६० किलोमीटर वेगाने धावते. म्हणजे तासाला ५ लिटर पेट्रोल लागले. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे ३२,००० किलोज्यूल उष्णता मिळते. पाच लिटरची झाली १,६०,००० किलोज्यूल. यातली साधारण पाव उष्णता चाके फिरवण्याच्या कामी येते. बराचसा भाग धुराबरोबर मागच्या नळीतून निघून जातो. सुमारे ३० टक्के उष्णता पाण्याच्या वाट्याला येते. हिशेब केला तर ती दर सेकंदाला १३ किलोज्यूलहून थोडी अधिक भरते. म्हणजे एक किलोवॅटच्या तेरा विजेच्या शेगड्या बॉनेटखाली सतत पेटलेल्या आहेत, असे समजा.

ही उष्णता बाहेर गेलीच नाही तर काय होईल? गाडीत ६ लिटर पाणी आहे आणि ते ३० अंशांवर आहे असे धरा. इंजिनाच्या धातूने घेतलेली उष्णता सोडून दिली, तर ते पाणी उकळायला अवघी सव्वादोन मिनिटे लागतील. घरी चहाचे आधणही इतक्या लवकर येत नाही!

बर्था बेंझबाईंचा प्रवास

पहिल्या मोटारींपुढे हाच प्रश्न होता. जर्मनीतील कार्ल बेंझ यांच्या १८८६ सालच्या गाडीत इंजिनाभोवतीचे पाणी सरळ उकळू देत आणि वाफ हवेत सोडून देत. त्यांच्या पत्नी बर्था बेंझ ऑगस्ट १८८८ मध्ये दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फॉर्झहाइमला गेल्या. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणून तो प्रसिद्ध आहे. वाटेत त्यांना पुन्हा पुन्हा थांबून पाणी भरावे लागले. आपल्या घाटातल्या प्रवाशांना हा अनुभव ओळखीचा वाटेल.

पुढे विल्हेल्म मायबाख यांनी १९०१ सालच्या मर्सिडीज गाडीला मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. त्यात आठ हजारांहून अधिक बारीक नळ्या होत्या. पाणी तेच, पण त्याला हवेशी भेटायला प्रचंड पृष्ठभाग मिळाला. त्यामुळे पाणी उकळून वाया घालवण्याची गरज उरली नाही. तेच पाणी गार होऊन पुन्हा इंजिनात जाऊ लागले.

आजही तीच रचना आहे. पंप पाणी ढकलतो. पाणी इंजिनातून उष्णता घेते, रबरी होज पाइपातून रेडिएटरमध्ये येते, तेथे पातळ पत्र्यांमधून वाहणाऱ्या हवेला उष्णता देते आणि परत फिरते. गंमत अशी की, 'रेडिएटर' या नावाचा अर्थ प्रारण करणारा असा होतो, पण त्याचे बहुतेक काम प्रारणाने होत नाही, वाहत्या हवेमुळे अभिसरणाने होते. म्हणूनच त्याच्यामागे पंखा असतो.

खानदेशचे ऊन आणि खानदेशचे पाणी

आता प्रश्न असा की, हीच गाडी हिवाळ्यात तक्रार करीत नाही, मग मे महिन्यातच का तापते?

उष्णता किती वेगाने बाहेर जाईल, हे दोन तापमानांतल्या फरकावर अवलंबून असते. रेडिएटर ९० अंशांवर आणि हवा २० अंशांवर असेल तर फरक ७० अंशांचा. पण जळगाव, भुसावळ, धुळे या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा फरक उरतो फक्त ४५ अंशांचा. म्हणजे तोच रेडिएटर हिवाळ्याच्या मानाने जवळजवळ दोन तृतीयांशच काम करतो. त्यात घाट चढताना इंजिन जास्त पेट्रोल जाळते आणि गाडी हळू जात असल्यामुळे समोरून वाराही कमी मिळतो. उत्पन्न घटलेले आणि खर्च वाढलेला, अशी ही स्थिती!

दुसरी अडचण पाण्याची. खानदेशात उन्हाळ्यात घरोघरी कूलर लावतात. हंगाम संपल्यावर त्याच्या जाळ्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांच्यावर पांढरा कडक थर बसलेला असतो. अनेक ठिकाणचे विहिरीचे आणि बोअरचे पाणी दुष्फेन असते. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी तापले की कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, भांड्याला चिकटून बसते.

हाच थर इंजिनाच्या आतल्या भिंतीवर बसतो. चुनखडीतून उष्णतेचे वहन फार मंद होते. एक मिलिमीटर जाडीचा हा थर उष्णतेला जितका अडवतो, तितका अडथळा व्हायला बिडाची भिंत दोन ते तीन सेंटिमीटर जाड असावी लागेल! म्हणजे वरून सारे ठीक दिसते, पण आतून इंजिनाने जणू गोधडी पांघरलेली असते.

भुसावळच्या रेल्वेच्या माणसांना हे दुखणे फार पूर्वीपासून ठाऊक होते. वाफेच्या इंजिनांच्या काळात बॉयलरमध्ये असाच थर जमे. म्हणून ठरावीक दिवसांनी इंजिन शेडमध्ये आणून, आग विझवून, बॉयलर आतून धुण्याची शिस्त असे. इंजिन बिघडण्याची वाट कोणी पाहत नसे. बिघाडाच्या आधी केलेली देखभाल ती हीच.

झाकणामागचे रहस्य

आता त्या ट्रकचालकाच्या ओरडण्याकडे वळू. रेडिएटरचे झाकण साधे नसते. त्यात एक स्प्रिंग आणि रबराची चकती असते. आतला दाब ठरावीक मर्यादेपर्यंत वाढेतोवर ते वाट देत नाही. तुमच्या घरचा प्रेशर कुकर आठवा. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. बाहेरच्या हवेपेक्षा आत एका वातावरणाइतका अधिक दाब असेल, तर पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. त्यामुळे गाडीला थोडी अधिक सवलत मिळते.

पण हीच सवलत झाकण उघडणाऱ्यावर उलटते. समजा, आत ६ लिटर पाणी ११० अंशांवर आहे. झाकण उघडताच दाब नाहीसा होतो. आता ते पाणी १०० अंशांच्या वर राहू शकत नाही. त्यातले सुमारे ११० ग्रॅम पाणी क्षणात वाफ होते. एवढेसे पाणी, पण त्याची वाफ होते सुमारे १८० लिटर, म्हणजे बारा बादल्या! ती वाफ उरलेल्या उकळत्या पाण्याला घेऊन झाकणाच्या तोंडातून उसळते. तेथे माझा पंचा काय कामाचा?

मामांना दुसरा मोह झाला होता, तो गार पाणी इंजिनावर ओतण्याचा. तोही चालकाने थांबवला. तापलेले बीड एकदम आकसले तर त्याला तडा जाण्याची भीती असते.

आम्ही तास-दीड तास झाडाखाली बसलो. आजी सारखी घड्याळ विचारत होती. लग्नाची वेळ टळून गेली. झाकण हाताला गार लागल्यावर पाणी भरले, गाडी वळवली आणि उतारावरून हळूहळू चाळीसगावला गॅरेजमध्ये आणली.

मिस्तरींनी काय दाखवले?

मिस्तरींनी वरचा होज पाइप काढला आणि आम्हांला बोलावले. आत पांढरट-तांबूस पापुद्रे साचले होते. पांढरी चुनखडी आणि तांबूस गंज. रेडिएटरच्या जवळजवळ निम्म्या नळ्या चोक झाल्या होत्या. बाहेरच्या बाजूला पत्र्यांमध्ये धूळ आणि कापसाचे तंतू गच्च बसले होते. फॅन बेल्ट सैल होता.

"पाणी कोणते भरता?" त्यांनी विचारले.

"जिथे मिळेल तिथले," मामा म्हणाले. "बोअरचे, टाकीचे."

"मग दोष गाडीचा नाही," मिस्तरी म्हणाले. "आणखी दोन वळणे चढला असता, तर हेड गॅस्केट गेले असते."

त्यांचे म्हणणे असे पडताळून पाहा. पुष्कळ इंजिनांत खालचा ब्लॉक बिडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे असते. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. ४० सेंटिमीटर लांबीचे हेड १०० अंशांनी अधिक तापले तर ते सुमारे ०.९ मिलिमीटर वाढेल, ब्लॉक मात्र सुमारे ०.४५ मिलिमीटरच. दोघांच्या मध्ये दाबलेल्या पातळ गॅस्केटची यात ओढाताण होते, हेड वाकते आणि पाणी तेलात मिसळते. मग खर्च शेकड्यांत राहत नाही, इंजिनच खोलावे लागते.

होळीनंतरची तपासणी

त्या वर्षापासून मामांनी एक नियम केला. होळी झाली की गाडीची तपासणी. ती अशी :

इंजिन पूर्ण गार असताना पाण्याची पातळी आणि रंग पाहायचा. तांबूस रंग म्हणजे गंज. होज पाइप बोटांनी दाबून बघायचे. फार मऊ, फुगलेले किंवा चिरा पडलेले असतील तर बदलायचे. क्लिपा आवळायच्या. फॅन बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण एक सेंटिमीटर दबावा, त्याहून फार सैल नको. झाकणाची रबरी चकती तपासायची. रेडिएटरच्या पत्र्यांतली धूळ पाण्याच्या हलक्या धारेने मागून पुढे काढायची. दर दोन वर्षांनी जुने पाणी काढून, उलट दिशेने स्वच्छ पाणी सोडून रेडिएटर धुवायचा.

आणि भरायचे काय? शुद्ध (ऊर्ध्वपातित) पाणी आणि कूलंट, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात. कूलंटमधील एथिलीन ग्लायकॉल उत्कलनबिंदू वाढवते आणि त्यातली इतर द्रव्ये गंज रोखतात. निम्मे-निम्मे मिश्रण साध्या दाबालाही १०७ अंशांच्या आसपास उकळते. मात्र एक धोका लक्षात ठेवा. हे द्रव्य चवीला गोड पण विषारी असते. लहान मुले आणि जनावरे यांच्यापासून ते दूर ठेवावे आणि जुने कूलंट अंगणात ओतू नये.

पुष्कळ लोक उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकतात. ही मेणावर चालणारी एक लहानशी झडप असते. साधारण ८२ ते ८८ अंशांना मेण वितळून फुगते आणि रेडिएटरची वाट उघडते. ती काढली तर हिवाळ्यात इंजिन लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त लागते आणि झीज वाढते. झडप अडकत असेल तर नवी बसवावी.

तुम्ही करून पाहा

कूलरच्या जाळीवरचा किंवा जुन्या पातेल्यातला पांढरा थर थोडा खरवडून काचेच्या पेल्यात घ्या. त्यावर चमचाभर व्हिनेगर टाका. फसफसून बुडबुडे येतील. हा कार्बन डायऑक्साइड, म्हणजे थर चुनखडीचा आहे. आता दोन वाट्यांत सारखेच पाणी घ्या, एकीत बोअरचे, दुसरीत पावसाचे. दोन्ही उन्हात पूर्ण आटू द्या. वाट्यांच्या तळाशी काय उरते, ते ताडून पाहा.

प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ झाला, ॲम्बॅसेडरचे २०१४ मध्ये थांबले. पण खानदेशात जुन्या गाड्या जपणारी घरे अजून आहेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी होऊन ती वाढवून मिळते. विजेवर चालणाऱ्या अनेक नव्या गाड्यांतही बॅटरी थंड ठेवण्यासाठी द्रव खेळवतातच. गाडी बदलली तरी उष्णतेचे नियम बदलत नाहीत.

मामांची गाडी त्यानंतर कितीतरी उन्हाळे कन्नडचा घाट चढली. ते लग्न मात्र चुकलेच. आजी पुढे प्रत्येक प्रवासाआधी विचारत असे, "अरे, गाडीने पाणी प्यायले का? आणि चांगले प्यायले ना?"