किल्ली, तलवार, मुकुट : चर्चमधली मूर्ती कोणाची, हे कसे ओळखायचे?

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. मुंबई, वसई, गोव्याहून भाविक येतात. रांगेत इतर धर्मीयही असतात. लहान बाळाला मुकुट आणि राजाचा झगा का, असा प्रश्न तिथे हमखास पडतो.

मूळ मूर्ती प्रागची

हे रूप चेक प्रजासत्ताकातल्या प्रागच्या बाळ येशूचे. ती मूळ मूर्ती स्पेनहून आलेली, लाकडावर मेण चढवलेली, जेमतेम ४७ सेंटिमीटर उंच. १६२८ मध्ये पोलिक्सेना लोबकोविच या सरदार घराण्यातल्या बाईंनी ती कार्मेलाइट मठाला दिली. तीनच वर्षांत सॅक्सन सैन्याने मठ लुटला. हात तुटलेली मूर्ती अडगळीत पडली, ती १६३७ मध्ये फादर सिरिल यांना सापडली. तिचा उजवा हात आशीर्वादाचा, डाव्या हातात क्रूस असलेला पृथ्वीचा गोल. म्हणजे जगाचा राजा, पण बालरूपात, म्हणून मुकुट. प्रागला झगाही उपासनेच्या काळानुसार बदलतो : नाताळ-ईस्टरला पांढरा, उपवासकाळात जांभळा.

बाकीचे संत खुणेवरून

प्रेषितांचे खरे चेहरे कोणालाच ठाऊक नव्हते. त्यामुळे खुणा ठरल्या. किल्ल्या दिसल्या की पेत्र, म्हणजे पीटर. स्वर्गराज्याच्या किल्ल्या येशूने त्याला दिल्या, असे बायबल सांगते. तलवार पौलाची, फुलीसारखा तिरपा क्रूस आंद्रियाचा, भाला थोमाचा. आपल्याकडेही आयुधावरून देव ओळखतात, पण एक फरक आहे. देवाचे शस्त्र दुष्टांसाठी असते. या संतांच्या हातात बहुधा त्यांचाच जीव घेणारे शस्त्र असते. परंपरेनुसार पौलाचा शिरच्छेद झाला, तर थोमाला चेन्नईजवळ भाल्याने मारले.

सर्वाधिक गोंधळ बाळाला कडेवर घेतलेल्या दोन संतांत होतो. लिलीचे फूल दोघांकडेही असते. दाढी असेल तर योसेफ. दाढी नसलेला, दोरीने बांधलेला तपकिरी झगा घातलेला अंतोनी.

ही मूर्तिपूजा का?

कॅथलिकांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मूर्तीला दिलेला मान ती ज्याची आहे त्याला पोहोचतो, असा निर्णय ७८७ मध्ये निकियाच्या धर्मपरिषदेने दिला. प्रोटेस्टंटांना तो पटत नाही. नाशिकमध्येच शरणपूरला संत आंद्रियाच्या नावाचे चर्च आहे. नाव प्रेषिताचे, पण त्या परंपरेत संताच्या मूर्तीपुढे नवस बोलत नाहीत.