रक्तातला 'ध'चा 'मा'

नारायणराव पेशव्यांच्या खुनाची हकीकत मराठी घरातल्या मुलाला मुद्दाम सांगावी लागत नाही. १७७३ साली गारद्यांना गेलेल्या चिठ्ठीत 'धरावे' असा शब्द होता, कुणीतरी त्यातल्या 'ध'चा 'मा' केला आणि शनिवारवाड्यात पेशव्यांचा प्राण गेला, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. इतिहाससंशोधक या कथेला कितपत मान देतात तो भाग निराळा. परंतु एका अक्षराच्या फरकाने माणसाचा जीव कसा धोक्यात येतो हे समजावून द्यायला मला तरी याहून सोपी गोष्ट सापडलेली नाही. विदर्भात तीस-पस्तीस वर्षे रक्ततपासणीचे काम करताना मी ती शेकडो आईबापांना सांगितली. कारण त्यांच्या मुलांच्या रक्तात अगदी असाच प्रकार झालेला असतो.

या रोगाला सिकलसेल म्हणतात. सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तातली निरोगी तांबडी पेशी दिसते मधोमध अंगठ्याने दाबलेल्या पेढ्यासारखी, गोल आणि मऊ. या रोग्यांची पेशी प्राणवायू सोडला की लांबट, टोकदार, विळ्यासारखी वाकडी होते. वैद्यकाच्या दप्तरात तिची पहिली नोंद झाली ती अमेरिकेत. १९०४ साली ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल हा वीस वर्षांचा विद्यार्थी शिकागोच्या इस्पितळात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या उमेदवार डॉक्टरने त्याचे रक्त पाहिले आणि त्या चमत्कारिक पेशी आपले वरिष्ठ जेम्स हेरिक यांना दाखवल्या. हेरिकसाहेबांनी १९१० साली ती हकीकत प्रसिद्ध केली. नोएल शिक्षण पुरे करून मायदेशी गेला, त्याने दवाखाना थाटला आणि १९१६ साली, ऐन बत्तिशीत, तो वारला.

पेशी वाकडी होते हे कळले, पण का होते हे कळायला आणखी चाळीस वर्षे जावी लागली; आणि ते कळले एका रसायनशास्त्रज्ञाला! १९४५ साली एका समितीच्या कामात लायनस पॉलिंग यांच्या कानावर डॉ. विल्यम कॅसल यांनी सहज घातले, की या रोग्यांच्या पेशी फुफ्फुसाकडून ताज्या आलेल्या रक्तात सरळ असतात आणि प्राणवायू देऊन परतणाऱ्या रक्तात वाकड्या होतात. पॉलिंग यांनी तर्क बांधला, की प्राणवायू वाहून नेतो हिमोग्लोबिनचा रेणू, तेव्हा दोष पेशीत नसून त्या रेणूतच असला पाहिजे. प्रयोगाचे काम हार्वे इटानो या तरुण डॉक्टरकडे आले. (हा इटानो जन्माने अमेरिकन, पण वंशाने जपानी. एवढ्याच कारणासाठी महायुद्धात त्याच्याच सरकारने त्याला छावणीत डांबले होते. रक्तावरून माणसाची पारख करणे म्हणजे काय, हे त्याला वेगळे शिकवायला नको होते.) निरोगी आणि रोगी हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात ठेवले, तर दोघे निरनिराळ्या गतीने सरकतात असे आढळले. १९४९ साली हा शोध जाहीर झाला तेव्हा सिकलसेलला 'रेणूचा रोग' असे नाव दिले गेले. जंतू नाही, विष नाही, अन्नातली उणीव नाही. रेणूच बिघडलेला असा हा पहिलाच रोग.

बिघाड केवढा, ते केंब्रिजच्या व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ साली दाखवले. हिमोग्लोबिनमध्ये बीटा नावाची साखळी असते, १४६ अमिनो आम्लांची. त्यांतले सहावे तेवढे बदललेले होते. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन, बाकी १४५ जिथल्या तिथे! ही साखळी कशी ओवावी याचा मजकूर आपल्या जनुकात चार रासायनिक अक्षरांनी लिहिलेला असतो. तिथे 'जीएजी' असायचे, ते 'जीटीजी' झाले. झाला 'ध'चा 'मा'.

आता एवढ्याशा फरकाने काय घडते पाहा. ग्लुटामिक आम्ल पाण्यात रमणारे, तर व्हॅलीन पाण्याशी फटकून वागणारे. प्राणवायू सुटला की बिघडलेले रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे दोर वळले जातात आणि ते दोर पेशीला आतून ताणतात. एकेका पेशीत असे सुमारे २७ कोटी रेणू! ताठर पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढचा रक्तपुरवठा थांबतो आणि रोगी वेदनेने तळमळतो. निरोगी पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून अंगात रक्त ठरत नाही, डोळे पिवळे दिसतात. जन्मानंतर काही महिने गर्भावस्थेतले निराळे हिमोग्लोबिन मुलाला सांभाळते. ते ओसरले की एके दिवशी तान्ह्या मुलाचे हातपाय सुजतात आणि ते किंचाळून रडू लागते. थंडी, ताप, अंगातले पाणी कमी होणे, कशानेही पुन्हा कळा येतात.

आपल्याकडे हा दोष १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींत आढळला. आज महाराष्ट्रात तो विदर्भात आणि नंदुरबारच्या सातपुड्यात विशेष दिसतो; आदिवासींत, अनुसूचित जातींत आणि काही इतर मागास जातींतही. आमची जुनी तपासणी अगदी साधी. काचपट्टीवर रक्ताचा थेंब, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावाचा थेंब, वर पातळ काच आणि कडेने व्हॅसलीन, म्हणजे हवा शिरायची नाही. अर्ध्या तासाने सूक्ष्मदर्शकातून पाहिले की पेढ्यांचे विळे झालेले! मात्र एवढ्यावरून माणूस रोगी की नुसता वाहक ते ठरत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढची तपासणी लागतेच.

हा वाहक कोण? प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. दोन्हींत 'मा' असेल तर रोग होतो. एकीतच असेल तर माणूस वाहक, आणि तो सहसा तुमच्या-आमच्यासारखाच ठणठणीत. "आमच्या घरात कोणाले नाही, मग याले कुठून आलं?" हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेल! आणि त्या प्रश्नाचे उत्तर घरच्यांनी बहुधा आधीच ठरवलेले असते. सून पांढऱ्या पायाची. दोन मुले याच दुखण्यात गेलेली, तिसरे मांडीवर, अशी एक बाई आमच्याकडे आली होती. नवऱ्याला तिसऱ्यांदा निरोप पाठवला तेव्हा तो रक्त द्यायला आला. तोही वाहक निघाला. निघायलाच हवा होता. त्याच्याशिवाय मूल रोगी होणेच शक्य नव्हते.

मग असले घातकी अक्षर हजारो वर्षे टिकले कसे? जे. बी. एस. हाल्डेन (हे पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले) यांनी १९४९ साली थॅलसिमियाबद्दल तर्क केला होता, की हा दोष मलेरियापासून बचाव करीत असावा. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत तसा पुरावा दिला. वाहक मुलाला घातक मलेरियापासून संरक्षण मिळते. म्हणजे ज्याला आपण घराण्याचा कलंक म्हणतो, ते मुळात मलेरियाच्या मुलखातले चिलखत. त्याची किंमत मात्र दोन चिलखते वारशाने मिळालेल्या मुलाने चुकवायची!

शहरातल्या वाचकांना वाटेल, हे सारे जंगलापलीकडचे. तर तसे मुळीच नाही. थॅलसिमिया हा याच बीटा साखळीचा दुसरा बिघाड. तिथे ती पुरेशी बनतच नाही. सिंधी, पंजाबी, लोहाणा कुटुंबांत त्याचे वाहक पुष्कळ, आणि इतरांतही आहेत. एका बाजूने सिकलचा आणि दुसऱ्या बाजूने थॅलसिमियाचा दोष आला तरी मूल आजारी पडते. आपल्या लग्नाच्या बोलण्यांत काय पाहतात? पत्रिका, एकनाड, आणि अलीकडे रक्तगट. वधूवरांचा रक्तगट एकच म्हणून मोडलेली लग्ने मला ठाऊक आहेत. रक्तगट एक असण्याने काहीएक बिघडत नाही. आणि ज्याने बिघडते, ती तपासणी बहुधा कुणी मागत नाही.

दोन वाहकांचे लग्न झाले तर काय, हे मी चिठ्ठ्यांवर समजावतो. दिवाळीच्या सुट्टीत मुले राजा, राणी, चोर, शिपाई खेळतात तशा चार चिठ्ठ्या. एक रोगी, दोन वाहक, एक निर्दोष. इथे हटकून एक घोटाळा होतो. "पहिलं तर आजारी निघालं, आता पुढचे तिघं बरे निघतील ना, डॉक्टरसाहेब?" नाही. प्रत्येक मुलाच्या वेळी चारही चिठ्ठ्या पुन्हा डब्यात पडतात आणि डबा नव्याने हलतो.

उपाय नाहीतच असे नव्हे. हायड्रॉक्सियुरिया हे रोज घ्यायचे औषध गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते आणि कळा कमी करते. अमेरिकेत १९९८ साली त्याला या रोगासाठी मान्यता मिळाली. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुकात कात्री चालवणारा उपचार मंजूर झाला. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे १८ कोटी रुपये! गडचिरोलीच्या बापाला हा आकडा मी कधी सांगितला नाही. त्याच्या उपयोगाची गोष्ट म्हणजे १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे सुरू झालेली केंद्र सरकारची मोहीम. तिने चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी योजली आहे.

मध्यंतरी एक जोडपे लग्नाआधीच तपासणीला आले. दोघेही शिकलेले, दोघेही वाहक. मी चिठ्ठ्या मांडल्या. दिवस गेल्यावर दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते आणि पुढचा निर्णय त्यांचा त्यांना घेता येतो, हेही सांगितले. सायप्रस बेटावर लग्नापूर्वी थॅलसिमियाची तपासणी करण्याची पद्धत पडली, तेव्हा वाहक जोडप्यांनी क्वचितच लग्ने मोडली, हेही कानावर घातले. दोघांनी लग्न करायचे ठरवले. बरोबर मुलीची आजी होती. तिने सारे नीट ऐकून घेतले आणि उठता उठता विचारले, "म्हणजे दोष कोणाच्या घरचा म्हणायचा?" मी दोघांचेही कागद वरची नावे हाताने झाकून तिच्यापुढे धरले आणि यातला नातीचा कोणता ते ओळखायला सांगितले. तिने चष्मा पुसला, पुष्कळ वेळ दोन्ही कागद पाहिले आणि परत दिले.