नवी चूल बसवण्याआधी धुराडे पाहा

आपल्या गावांत २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून पुष्कळ घरी गॅस आला. ही चांगली गोष्ट झाली. तरी आंघोळीचे पाणी तापवायचे असते, भाकऱ्या भाजायच्या असतात, सिलिंडरही पुरवायचा असतो. म्हणून चूल अजून पेटते. आणि चूल पेटली की धूर आलाच.

हा धूर कमी व्हावा म्हणून आम्ही घरी नवी सुधारित चूल आणली. आमच्या वडिलांनी स्वयंपाकघराच्या भिंतीत विटांचे धुराडे बांधलेले होते. त्याच्या तळाशी आम्ही ती चूल मांडली. आमचे काम झाले, असे आम्हाला वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारे घर धुराने भरले. सूनबाई डोळे पुसत बाहेर आली. कडेवर लहान मूल खोकत होते. ती म्हणाली, "मामंजी, चूल नवी आणली, पण धूर जुनाच की!"

आम्ही चुलीला दोष दिला आणि गवंड्याला बोलावले. तो हसून म्हणाला, "गुरुजी, चूल चांगली आहे. धुराडं बघितलं का?"

आम्ही ते पाहिलेच नव्हते! गरम हवा वर जाते, हे आम्ही शाळेत वर्षानुवर्षे शिकवले. पण तिला वर जायला वाट मोकळी आहे का, हे घरी पाहिले नाही. ती आमचीच चूक.

धूर म्हणजे काय? धूर म्हणजे अर्धवट जळलेले सरपण. त्यातले बारीक कण श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जातात. त्याने मोठ्यांना खोकला व दम्यासारखे विकार जडतात. लहान मुलांना न्यूमोनियाचा धोका वाढतो. धुराबरोबर कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायूही असतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून तो कळत नाही. धूर घराबाहेर घालवणे हाच उपाय.

हा विचार जुनाच आहे. वर्ध्याला १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. तेथील मगनवाडीत बिनधुराची 'मगन चूल' तयार झाली. पुढे १९८३ साली सरकारने सुधारित चुलींचा कार्यक्रम देशभर सुरू केला. पण पुष्कळ घरांत धुराडी कोणी साफ केली नाहीत. ती तुंबली, धूर परत घरात आला, आणि लोकांनी त्या चुली मोडून टाकल्या. बोल मात्र चुलीला लागला.

तेव्हा आधी धुराडे, मग चूल. गवंड्याने आम्हाला जे करून दाखवले, ते असे :

१. वाट पाहा. चूल पूर्ण गार असू द्या. धुराड्याच्या तळाशी आरसा धरा. त्यात आकाश दिसले तर वाट मोकळी. आमच्या आरशात आकाश दिसलेच नाही. वर पाखरांचे घरटे होते आणि खाली काजळीचा थर.

२. काजळी काढा. दोराला दगड व काथ्याचा बोळा बांधून तो वरून खालीवर ओढा. खाली ओले गोणपाट लावा. नाकातोंडाला फडके बांधा. काजळी पेट घेऊ शकते. धुराड्यात काजळी पेटली तर आग छपराला लागू शकते.

३. भेगा शोधा. तळाशी थोडा ओला पाला जाळा. भिंतीतून जिथे धूर निघेल तिथे खूण करा. धुराडे गार झाल्यावर माती, भुसा व शेण मळून भेगा बुजवा. नुसते सिमेंट लावू नका. ते उष्णतेने तडकते.

४. रुंदी पाहा. आमचे धुराडे फूटभर रुंद होते. एवढ्या मोठ्या पोकळीत थोडासा धूर लवकर गार होतो. गार झाला की वर चढत नाही. म्हणून गवंड्याने आत चार इंच रुंदीचा पत्र्याचा पाईप सोडला. पाईपच्या भोवतीची जागा खाली विटांनी व मातीने बंद केली. ती उघडी राहिली तर ओढ राहत नाही. जुना अॅस्बेस्टॉसचा पाईप घरी कापू नका. त्याची धूळ फुप्फुसाला फार घातक असते.

५. उंची पाहा. पाईप छपराच्या वर निदान तीन फूट असावा. जवळच आढे असेल तर त्याच्याही वर जावा. नाही तर वारा धूर खाली दाबतो. वर पत्र्याची टोपी बसवा, म्हणजे पाऊस आत येत नाही.

६. लाकूड दूर ठेवा. उघडा पाईप छपरातून जात असेल, तर वासे व गवत त्याच्यापासून एक हात लांब ठेवा. मधल्या जागेत पत्रा बसवा.

७. साफसफाईला खिडकी ठेवा. पाईपच्या बुडाशी लहानसे भोक ठेवून ते झाकणाने बंद करा. दर महिन्याला तेथून काजळी काढा.

मग चूल बसवा. माती पुरी वाळू द्या. प्रथम लहान जाळ करा. चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर काम जमले. बाहेर आला तर कुठेतरी फट राहिली आहे. ती शोधा. सरपण वाळलेले वापरा. दोन्ही तोंडांवर भांडी ठेवा. एक तोंड उघडे राहिले, तर धूर तेथूनच बाहेर पडेल.

आमच्या घरी उदबत्तीचा धूर आत गेला. सूनबाईने भाकरी भाजली, डोळे न पुसता. फुंकणी कोनाड्यात तशीच पडून राहिली.

चुलीपुढे रोज बसते घरातली बाई. धुराडे वर्षानुवर्षे आपल्या डोळ्यांपुढे असते, पण आपण वर पाहत नाही. आज चूल गार झाली की आरसा घ्या आणि पाहा : तुमच्या धुराड्यातून आकाश दिसते का?