कर्करोगाची जोखीम व तिचे नियंत्रण

कर्करोगाची जोखीम : शरीरातील कोशिकांची (पेशींची) अनिर्बंध वाढ होऊन कर्करोग उद्‌भवण्याची शक्यता ज्या गोष्टींमुळे वाढते, त्यांना जोखीम-कारके म्हणतात. जोखीम म्हणजे निश्चिती नव्हे. तंबाखू खाणाऱ्या प्रत्येकास कर्करोग होत नाही व न खाणाऱ्यासही तो होऊ शकतो. परंतु मोठ्या लोकसमूहांची तुलना केली असता पहिल्या गटात रोगाचे प्रमाण स्पष्टपणे अधिक आढळते. वाढते वय व आनुवंशिकता ही कारके बदलता येत नाहीत. सवयी, संक्रामणे, आहार व व्यवसाय यांतून येणारी जोखीम मात्र कमी करता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ३० ते ५० टक्के कर्करोग टाळता येण्याजोगे आहेत.

इतिहास : धुराडी साफ करणाऱ्या कामगारांच्या वृषणकोशाच्या कर्करोगाचा काजळीशी असलेला संबंध पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यचिकित्सकांनी १७७५ मध्ये दाखविला. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिवैज्ञानिक व. रा. खानोलकर व त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये भारतीय चालीरीतींशी निगडित असे तीन कर्करोग वर्णिले. कमरेस घट्ट नेसलेल्या धोतराच्या काचामुळे होणारा त्वचेचा, पेटते टोक तोंडात धरून चुट्टा ओढल्याने होणारा व तंबाखू-चुन्याची गोळी ओठाआड ठेवल्याने होणारा, असे ते तीन होत. रोगाचे स्थान सवयीच्या स्थानाशी जुळते, हे या निरीक्षणाचे सार होय. धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी प्रस्थापित केला.

प्रमुख कारके : महाराष्ट्रात सर्वांत महत्त्वाचे कारक तंबाखू हे होय. विडी व सिगारेट यांबरोबरच तंबाखू-चुना, गुटखा आणि भाजलेल्या तंबाखूची मिश्री ही त्याची प्रचलित रूपे आहेत. मिश्री दात घासण्यासाठी वापरली जात असल्याने ग्रामीण स्त्रियांना ते व्यसन वाटत नाही. तथापि हिरड्यांशी तंबाखूचा संपर्क तिच्यातही येतोच. सुपारी तंबाखूविनाही कर्ककारक आहे. तिच्यामुळे तोंडातील ऊतक ताठर होऊन तोंड उघडणे कठीण होते व पुढे कर्करोग होऊ शकतो. मद्यामुळे तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत व स्तन यांच्या कर्करोगाची जोखीम वाढते. तंबाखूची जोड मिळाल्यास ती अनेक पटींनी वाढते. राज्यात गुटख्याच्या उत्पादनावर व विक्रीवर २०१२ मध्ये बंदी घालण्यात आली.

मानवी पॅपिलोमा व्हायरसाचे दीर्घकाळ टिकणारे संक्रामण हे गर्भाशय-ग्रीवेच्या कर्करोगाचे, तर यकृतशोथाचे ब व क व्हायरस हे यकृताच्या कर्करोगाचे कारण असते. ओलसर जागी साठविलेल्या भुईमुगावर व मक्यावर वाढणाऱ्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विषही यकृतास घातक असते. स्थूलता, चुलीचा धूर, ॲस्बेस्टस व आयनीकारक प्रारण (किरणोत्सर्ग) ही अन्य कारके होत.

बार्शी परिसरातील अनुभव : लातूर जिल्ह्यातील मुरुड हे बार्शी-लातूर मार्गावरील मोठे गाव. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच मार्गावरील बार्शी येथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील खेड्यांत घेतलेल्या नोंदींवरून तेथील स्त्रियांत गर्भाशय-ग्रीवेचा कर्करोग सर्वाधिक असल्याचे दिसून आले. रोगाची चिन्हे गावोगाव समजावून सांगितल्यानंतर रुग्ण अधिक लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागले.

पुढे उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास करण्यात आला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र व लिआँ (फ्रान्स) येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो हाती घेतला होता. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. व्हायरसाची चाचणी एकदाच देऊ केलेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या कर्करोगाने ३४, तर नेहमीच्या सेवेवर ठेवलेल्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात ६४ मृत्यू झाले. म्हणजेच मृत्यूचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. दुसऱ्या गटातील स्त्रियांना तपासणीविषयी केवळ माहिती देण्यात आली होती. उपयुक्त तपासण्या ज्ञात असता असा गट ठेवणे नीतीस धरून होते काय, यावर नंतर वाद झाला. मुंबईत व्हिनेगर लावून केलेल्या दृश्य तपासणीच्या चार फेऱ्यांमुळे या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ही तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविका करू शकतात.

जोखीम कमी करण्याचे उपाय : तंबाखू व सुपारी कोणत्याही वयात सोडली तरी लाभ होतो. मद्य वर्ज्य करणे, वजन मर्यादेत ठेवणे, नियमित श्रम करणे, फळे व भाज्या पुरेशा खाणे आणि धान्य कोरडे साठविणे हे अन्य उपाय होत. यकृतशोथ-ब प्रतिबंधक लस जन्मानंतर लगेच देतात. पॅपिलोमा व्हायरसाची लस ९ ते १४ वर्षे वयाच्या मुलींना दिल्यास सर्वाधिक उपयोगी पडते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या अशा लसीस २०२२ मध्ये मान्यता मिळाली. लस घेतली तरी पुढे तपासणी आवश्यक असते. तोंड, स्तन व गर्भाशय-ग्रीवा यांची तपासणी तिशीनंतर दर पाच वर्षांनी व्हावी, असे केंद्र शासनाचे २०१६ चे धोरण आहे.

दोन आठवड्यांत बरा न होणारा तोंडातील व्रण, पांढरा वा लाल चट्टा, स्तनातील गाठ आणि पाळी गेल्यावर होणारा रक्तस्राव ही चिन्हे वेदनारहित असली, तरी त्यांची तपासणी त्वरित करून घ्यावी. बहुतेक कर्करोग प्रारंभी दुखत नाहीत. दुखणे नाही म्हणून थांबल्याने बरा होण्याजोगा रोग पुष्कळदा असाध्य होतो.