मुक्या जीवाची शुश्रूषा

'शुश्रूषा' हा शब्द आपण रोग्याच्या सेवेसाठीं योजतों. परंतु त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. 'श्रु' धातूचें तें इच्छार्थक रूप. गुरूचें ऐकावयास उत्सुक असलेला शिष्य त्याची सेवाहि करी, म्हणून शब्दाला पुढें सेवेचा अर्थ आला. रोगी बोलका असेल तर ऐकणें सोपें. तो मुका असेल तर डोळ्यांनींच ऐकावें लागतें. परसांतील कोंबडीला देवी येतात तेव्हां घरच्या माणसांवर हाच प्रसंग येतो.

आमच्यासारख्या घरांत कोंबड्या कोठून आल्या, असें कित्येक वाचकांच्या मनांत येईल. मांसाशन आमच्या घरीं नाहीं. नातवंडांच्या आग्रहानें चार कोंबड्या परसांत आल्या व राहिल्या, इतकेंच. गेल्या भाद्रपदांत त्यांपैकीं एकीच्या तुऱ्यावर बारीक फोड दिसले. त्यांच्या काळपट खपल्या झाल्या आणि आठवड्याभरांत सूज येऊन दोन्ही डोळे मिटले. घरांत दोन मतें पडलीं. कोणी म्हणाले, तिला दूर नेऊन सोडावें. मुलें रडूं लागलीं. तेव्हां सोवळ्याओंवळ्यांत कडक असलेल्या आमच्या थोरल्या वहिनी म्हणाल्या, "भावोजी, विटाळाचें काय तें मी पाहीन, पण परसांत जीव उपाशी असतां आपण पानावर बसावयाचें कसें?" त्यांच्या या एका वाक्यांत या रोगाच्या शुश्रूषेचें सारें मर्म आहे.

कारण असें कीं, हा रोग विषाणूपासून होतो व विषाणू मारणारें औषध त्यावर नाहीं. कातडीवरील देवींचा रोग बहुधा तीनचार आठवड्यांत आपोआप ओसरतो. परंतु डोळे मिटलेल्या कोंबडीला दाणा दिसत नाहीं, पाणी सांपडत नाहीं. आणि पुष्कळदां ती रोगापेक्षां भुकेनें व तहानेनेंच मरते. म्हणून पहिलें औषध म्हणजे अन्नपाणी. आम्हीं तिला इतरांपासून वेगळी, मच्छरदाणी घातलेल्या डालग्याखालीं ठेविली. मऊ भात किंवा भिजविलेला भरडा चोंचीशीं न्यावा. पाण्याच्या वाटींत चोंचीचें टोंक तेवढें बुडवावें. घशांत पाणी कधींहि ओतूं नये, कारण पक्ष्याच्या श्वासनलिकेचें तोंड जिभेच्या मुळाशींच असतें व पाणी तींत शिरतें. उकळून कोमट केलेल्या पाण्यांत कापूस भिजवून डोळे हलक्या हातानें पुसावे. खपल्या ओढून काढूं नयेत. त्याखालीं रक्त येतें, जखम चिघळते, आणि पडलेल्या खपलींत विषाणू महिनेच्या महिने जिवंत राहतो. पडलेल्या खपल्या गोळा करून जाळाव्या.

या रोगाचें दुसरें रूप अधिक भयंकर आहे. त्यांत तोंडांत व घशांत पिंवळट पापुद्रे धरतात आणि श्वास कोंडतो. कोंबडी चोंच उघडी टाकून, मान ताणून श्वास घेऊं लागली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां पशुवैद्यास बोलवावें. जखमेंत दुसरे जंतू शिरले असतां द्यावयाचें औषधहि त्यांच्याच सल्ल्यानें द्यावें.

सुशिक्षित घरांतील माताहि येथें एका नांवानें घाबरतात. कांजिण्यांच्या इंग्रजी नांवांत कोंबडीचा उल्लेख आहे. परंतु कांजिण्यांचा विषाणू निराळ्याच कुळांतील असून कोंबडीशीं त्याचा संबंध नाहीं. उलट, कोंबडीच्या देवींचा विषाणू माणसांच्या देवींच्याच व्यापक कुळांतला, तरी तो माणसाला बाधत नाहीं. कोंबडीला हात लावल्यावर साबणानें हात धुवावे, एवढें पुरे.

माणसांच्या देवींचा इतिहास वाचकांस ठाऊक आहेच. १७९६ सालीं जेन्नरनें गाईच्या देवींची लस टोंचली. १८०२ च्या जून महिन्यांत मुंबईस अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोंचण्यांत आली. हिंदुस्थानांतील ती पहिली यशस्वी टोंचणी होय. १९८० सालीं जगांतून देवी नाहींशा झाल्याचें जाहीर झालें. याच कथेंत कोंबडीचाहि वांटा आहे. १९३१ सालीं अमेरिकेंत वुड्रफ व गुडपाश्चर यांनीं कोंबडीच्याच देवींचा विषाणू उबवणीच्या अंड्यांत वाढवून दाखविला, आणि अंड्यांत विषाणू वाढवून लसी करण्याचा मार्ग त्यांतून खुला झाला. आज अनेक रोगांपासून आपल्या मुलांचें रक्षण करणाऱ्या विद्येवर या पक्ष्याचें असें ऋण आहे.

कोंबड्यांसाठींहि लस आहे. पंखाच्या पातळ पडद्याला दोन टोंकांच्या सुईनें ती टोंचतात. आठदहा दिवसांत तेथें लहानशी सूज किंवा खपली दिसली म्हणजे लस लागली असें समजावें. रोग कळपांत हळूहळू पसरतो, म्हणून एखादीच आजारी असतां बाकीच्यांना टोंचून घेतल्यास त्या बहुधा वांचतात. आमच्या उरलेल्या तिघींना पशुवैद्यांनीं लगेच टोंचलें व त्या निरोगी राहिल्या. आजारी होती तिचा एक डोळा पंधराव्या दिवशीं उघडला, दुसरा त्यानंतर चार दिवसांनीं. तोंवर वहिनींच्या नैवेद्यानंतरचा पहिला घांस रोज तिच्याकडे जात असे.

रोगाचा मुख्य वाहक मात्र डांस. तो आजारी पक्ष्याला चावून निरोग्याला चावतो. म्हणूनच पावसाळा संपतां संपतां हा रोग बळावतो. नारळाच्या करवंट्या, फुटके माठ, आळ्यांत तुंबलेलें पाणी यांची आठवड्यांतून एकदां तपासणी करण्याचें काम घरांतील मुलांकडे द्यावें. कोंबड्यांबरोबर घरांतील माणसांचाहि हिंवताप त्यानें टळेल. आणि ज्या मुलानें मिटल्या डोळ्यांच्या जीवाला वीस दिवस हातानें भरविलें आहे, त्याला दयेवरचा पाठ निराळा शिकवावा लागणार नाहीं.