हजेरीपासून क्षेपणास्त्रापर्यंत

मार्व्हलच्या 'एक्स-मेन' कॉमिकचा पहिला अंक तेवीस पानांचा आहे. मुखपृष्ठावर सप्टेंबर १९६३ छापलं असलं तरी अंक जुलैतच दुकानांत आला होता. किंमत बारा सेंट. लेखक स्टॅन ली, चित्रकार जॅक कर्बी, शाईकाम पॉल राइनमनचं.

सुपरहिरोची जन्मकथा कशी असते, हे तोवर मार्व्हलच्या वाचकाला पाठ झालं होतं. कुणाला किरणोत्सारी कोळी चावायचा, कुणी गॅमा बॉम्बच्या स्फोटात सापडायचा, कुणाला अवकाशातले किरण बाधायचे. या अंकात तसलं काहीच घडत नाही. पाच पोरं आहेत आणि त्यांच्या शक्ती जन्मजात आहेत, विषय संपला. दर वेळी नवा अपघात शोधायचा कंटाळा आला होता, असं लीने पुढे मुलाखतींत हसत हसत सांगून टाकलं.

अपघात वजा केला, तर जन्मकथेत उरतं काय? शाळेचा एक दिवस उरतो. सराव, नव्या मुलीचा प्रवेश, सरांचं व्याख्यान आणि मधेच निघालेली एक मोहीम. अंकात घड्याळ नाही. मधे येणाऱ्या वर्तमानपत्रांच्या मथळ्यांवरून पाहिलं तर काही दिवस उलटलेले असावेत. वाचताना मात्र सगळं एका दिवसात, एका दमात उरकतं. म्हणून घड्याळ मी लावतो. घटना त्यांच्या, वेळा माझ्या. एक पंधरा मिनिटांची मुदत तेवढी मूळ अंकातली आहे, ती पुढे येईलच.

सकाळी साडेआठ

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला वेस्टचेस्टर काउंटी. श्रीमंतांची वस्ती, झाडी, मोठाली घरं. त्यातल्या एका वाड्यात ही खासगी शाळा भरते. घंटा नाही, शिपाई नाही. चाकांच्या खुर्चीत बसलेले, टक्कल पडलेले प्राध्यापक चार्ल्स झेवियर मनातल्या मनात हाक मारतात आणि ती पोरांच्या थेट डोक्यात ऐकू येते. ऐकू आलं नाही, ही सबब या शाळेत चालत नाही. हजेरीला चौघे. चार विद्यार्थी, एक शिक्षक, आणि पालक कुठे दिसत नाहीत. या मुलांच्या आईवडिलांना काय सांगितलं असेल, हा प्रश्न मला दर वाचनात पडतो.

नऊ ते साडेदहा

कवायत. जिथे ही चालते त्या खोलीला पुढे 'डेंजर रूम' हे नाव मिळालं आणि तीच या मालिकेची ओळख झाली. पहिल्या अंकात ती नुसती सरावाची जागा आहे, पण कर्बीने इथे पानांमागून पानं दिली आहेत. लढाई अजून कोसावर, खलनायकाचं नावही नाही. तरीही कंटाळा येत नाही, कारण या दीड तासात चारही पोरांचे स्वभाव उभे राहतात.

हँक मॅकॉय म्हणजे बीस्ट. प्रचंड हात, त्याहून प्रचंड पाय, तारेवर माकडासारखा चालणारा. या अंकात तो रांगडं बोलतो. जड शब्द फेकणारा विद्वान हँक पुढच्या काही अंकांत आला आणि तोच टिकला. वॉरन वर्दिंग्टन म्हणजे एंजल, अडथळ्यांमधून उडणारा. पैसेवाल्याचा मुलगा, देखणा, आणि ते त्याला ठाऊक आहे. चारचौघांत जायचं तर पंख पट्ट्यांनी आवळून कोटाखाली दडवावे लागतात, हा कर्बीचा तपशील मला फार आवडतो. उडण्याची मौज सगळेच काढतात, पाठ अवघडल्याचं इथेच आठवतं.

सायक्लॉप्स अबोल. डोळ्यांतून निघणारा झोत त्याला थांबवता येत नाही, त्यामुळे माणिकरंगी काचेआडूनच जग बघायचं. या अंकात त्याला 'स्लिम' समर्स म्हणतात, स्कॉट हे नाव मागाहून आलं. आणि सगळ्यांत धाकटा बॉबी ड्रेक, आइसमन, वय सोळा. चेष्टेखोर. सराव सोडून स्वतःचाच हिममानव करून दाखवणारा. तो दिसतोही तसाच, भुसभुशीत बर्फाचा. काचेसारखा नितळ बर्फ त्याच्या अंगावर आठव्या अंकात चढला.

गणवेश सगळ्यांना एकच. पिवळा आणि काळसर निळा. स्वतंत्र पोशाख मिळायला १९६७चा एकोणचाळिसावा अंक उजाडावा लागला.

पावणेअकरा

नवीन विद्यार्थिनी येणार, असं सर सांगतात. बाहेर टॅक्सी थांबते आणि चौघांतले तिघे खिडकीला लागतात. मुलगी कशी दिसते यावर तिथे जी शेरेबाजी चालते, ती आज वाचवत नाही. तेव्हाच्या बारा वर्षांच्या वाचकाला ती गंमत वाटावी अशी बेतलेली आहे.

चौथा, बॉबी, खिडकीकडे फिरकत नाही. मुलगी आली त्यात काय एवढं, आपण नाही बुवा तुमच्यासारखे, असा त्याचा सूर. १९६३ साली या संवादाचा अर्थ सरळ होता: पोरगं लहान आहे. २०१५ साली ब्रायन मायकेल बेंडिस याने 'ऑल-न्यू एक्स-मेन'च्या चाळिसाव्या अंकात, भूतकाळातून वर्तमानात आणलेल्या याच किशोर बॉबीला समलिंगी दाखवलं, आणि जुने वाचक पहिला अंक काढून ती चौकट पुन्हा बघायला लागले. ली आणि कर्बी यांच्या मनात असलं काही असणं शक्य नाही. पण मालिका पन्नास-साठ वर्षं चालली की सहज लिहिलेला संवादाचा फुगासुद्धा पुरावा ठरतो. मला यात ओढाताण वाटत नाही. उलट बॉबीचा पुढचा सगळा चेष्टेखोरपणा त्यामुळे नीट समजतो.

साडेअकरा

प्रवेशाचे सोपस्कार. मुलीचं नाव जीन ग्रे. हात न लावता वस्तू हलवणं ही तिची विद्या. अर्ज नाही, दाखला नाही. खुर्ची वगैरे हलवून दाखवली की प्रवेश पक्का. हँक लगट करायला जातो, तर ती त्याला मनाच्या जोरावर उचलून गरगर फिरवते. पोरांचा वात्रटपणा दाखवायचा आणि त्याचा समाचार तिच्याच हातून घ्यायचा, अशी लीची दुहेरी सोय. तरी पाचांत एकटी मुलगी, आणि तिचं टोपणनाव 'मार्व्हल गर्ल', म्हणजे प्रकाशन संस्थेचंच नाव पुढे लावून दिलेलं. बाकीच्यांच्या नावांवर जरा जास्त विचार झाला होता.

मालिकेच्या नावाचीही एक गोष्ट आहे. लीला 'द म्युटंट्स' हवं होतं. वाचकांना तो शब्द कळणार नाही, असं म्हणून प्रकाशक मार्टिन गुडमनने ते नाकारलं. अंकात खुलासा असा की या मुलांकडे 'एक्स्ट्रा' शक्ती आहे, म्हणून एक्स. मुलगी असूनही 'मेन' का, याचा खुलासा नाही.

बारा

आता व्याख्यान. सर आपली कहाणी सांगतात. आईवडील पहिल्या अणुबॉम्बच्या प्रकल्पात काम करणारे, आपण कदाचित पहिलेच म्युटंट, म्हणजे जन्मतःच वेगळी शक्ती घेऊन आलेले, लोक आपल्याला भ्यायचे, म्हणून ही शाळा काढली.

इथे जरा हिशेब करू. मॅनहॅटन प्रकल्प सुरू झाला १९४२ साली. तिथल्या कामाचा परिणाम पोटच्या पोरावर झाला असेल, तर झेवियर सरांचा जन्म लवकरात लवकर १९४३चा. म्हणजे १९६३ साली वय वीस! टक्कल, प्राध्यापकी, मालकीचा वाडा आणि सोळा वर्षांचा विद्यार्थी, सगळं विसाव्या वर्षी. अणुयुगाची भीती कथेत कुठेतरी बसवायची होती, ती घाईत सरांच्या जन्मावर बसवली गेली. पोरांच्या बाबतीत मात्र ती चपखल बसते. सोळा वर्षांचा बॉबी १९४७चा, हिरोशिमानंतर जन्मलेल्या पिढीचा. त्या पिढीची मुलं शाळेत बाकाखाली लपायचा सराव करत होती. तेव्हा, तुमच्यात काहीतरी वेगळं शिरलं आहे, असं त्यांना सांगणारं कॉमिक नेमकं त्यांच्याच हाती पडलं.

आणखी एक योगायोग. चाकांच्या खुर्चीतला बुद्धिमान प्रमुख आणि जगाने दूर ठेवलेल्या विचित्र माणसांचा चमू, हा प्रकार प्रतिस्पर्धी डीसीच्या 'डूम पेट्रोल'मध्ये काही महिने आधीच आला होता. कुणी कुणाचं उचललं यावर वाद अजून चालू आहे. मला दोन्हीकडे त्या काळाची एकच हवा दिसते.

दुपारी एक

डबा खाण्याची सुट्टी कुठेच दाखवलेली नाही. दरम्यान दूर केप सिटाडेलच्या लष्करी तळावर प्रक्षेपणं एकामागून एक फसत आहेत. धूळ आकाशात गोळा होते आणि तिची अक्षरं बनतात: तळ स्वाधीन करा. खाली सही, मॅग्नेटो. लोखंडावर हुकमत असलेला माणूस दटावणी लिहितो ती आकाशात, आणि सही करायला विसरत नाही.

केप सिटाडेल बेतलं आहे ते उघडच केप कॅनाव्हेरलवर. मे १९६३मध्ये गॉर्डन कूपर तिथूनच मर्क्युरी मालिकेच्या शेवटच्या यानातून गेला होता, आणि क्यूबातल्या क्षेपणास्त्रांचा पेच सुटून वर्षही झालं नव्हतं. अग्निबाण ही अभिमानाची गोष्ट होती आणि धास्तीचीही. मॅग्नेटो दोन्हींवर हात ठेवतो.

तीन

प्रवास. खासगी जेट विमानातून. त्या काळी छोटं खासगी जेट हीच नवलाई होती. नाव मिळवलेल्या लिअरजेटचं पहिलं उड्डाणसुद्धा त्या वर्षीच्या ऑक्टोबरातलं, म्हणजे अंक निघाल्यानंतरचं. सर लढाईला येत नाहीत. आज सकाळी शाळेत दाखल झालेली जीन मात्र आहे. नाव घातल्या दिवशीच पोरीला आंतरशालेय सामन्यात उतरवावं, तसला हा प्रकार.

साडेचार

तळाच्या फाटकाशी पाच पोरं, समोर सेनापती. मुदत ठरते पंधरा मिनिटांची. अंकात घड्याळ ऐकू येतं ते एवढ्याच जागी.

लढाईचं वर्णन मी लांबवणार नाही. सायक्लॉप्स झोत टाकून चुंबकी कवच फोडतो आणि त्यात जवळजवळ गळून जातो. एंजलच्या मागे क्षेपणास्त्रं लागतात, बॉबी बर्फाने त्यांची वाट लावतो. जीन आणि हँक आपापली कामं करतात. बघण्यासारखं हे, की सकाळच्या सरावातलीच प्रत्येक करामत इथे परत येते. ज्याने कवायत चाळून टाकली असेल त्याला लढाई फिकी वाटेल. शेवटी मॅग्नेटो निसटतो, कारण पुढच्या अंकांना तो लागणार आहे.

साडेपाच

सेनापती पोरांची तोंडभरून स्तुती करतो. तुमची खरी ओळख विचारत नाही, म्हणतो. जग म्युटंटांचा द्वेष करतं, ही या मालिकेची पुढची सगळी पुंजी पहिल्या अंकात सरांच्या दोन-तीन वाक्यांपुरतीच आहे. प्रत्यक्षात लोक त्यांना सलाम ठोकतात.

झेवियर म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग आणि मॅग्नेटो म्हणजे माल्कम एक्स, हे समीकरण आता इतकं रुळलंय की पहिला अंक त्यावरच लिहिला असं वाटावं. अंक दुकानांत आल्याला दोन महिने होत नाहीत तोच, २८ ऑगस्टला, किंग यांचं वॉशिंग्टनमधलं भाषण झालं. योगायोग असा की तो कर्बीचा सेहेचाळिसावा वाढदिवस. पण अंक उघडून पाहिला तर मॅग्नेटो निव्वळ खुनशी खलनायक आहे, त्याच्याकडे सांगायला दुःख नाही. ते या मालिकेचा पुढचा लेखक ख्रिस क्लेअरमाँट याने दिलं. १९८१च्या दीडशेव्या अंकात मॅग्नेटो आउशविट्झमधून वाचलेला माणूस झाला. पुढे मिळालेलं मोठेपण मागे नेऊन १९६३वर चढवायला माझा हात धजत नाही.

रात्री अकरा

पोरं झोपली असतील. जागा असायचा तो कर्बी, लाँग आयलंडवरच्या घराच्या तळघरात, चित्रफळ्यापाशी. तो रात्री काम करायचा. मार्व्हलची रीत अशी होती की कथेवर तोंडी बोलणं व्हायचं, कर्बी पानंच्या पानं काढून मोकळा व्हायचा आणि फुग्यांतले शब्द ली मागाहून भरायचा. त्याच वर्षी कर्बीच्या हातात 'फँटास्टिक फोर', थॉर, 'सार्जंट फ्युरी' आणि 'ॲव्हेंजर्स' होते. पाच पोरांच्या शाळेला त्यातून जेवढ्या रात्री मिळाल्या तेवढ्यांत ती उभी राहिली. अकराव्या अंकापर्यंत पूर्ण चित्रं, मग काही अंक नुसती मांडणी, आणि तो बाजूला झाला.

सुरुवातीला वजा केलेला अपघातही अखेर कथेत घुसलाच. १९६७मध्ये अडतिसाव्या अंकापासून मागच्या पानांवर एकेकाची जन्मकथा सुरू झाली. जीनचं तर १९८१ साली असं ठरलं की झेवियर तिला लहानपणापासून ओळखत होते, तिची मैत्रीण गाडीखाली सापडून गेली तेव्हापासून. मग पावणेअकराची ती टॅक्सी नवख्या मुलीची राहत नाही. मला ती अजून नवखीच वाटते.

मार्च १९७०च्या सहासष्टाव्या अंकानंतर नव्या गोष्टी बंद पडल्या आणि जुन्यांचंच पुनर्मुद्रण चालू राहिलं. १९७५मध्ये लेखक लेन वीन आणि चित्रकार डेव्ह कॉकरम यांनी देशोदेशीचे म्युटंट आणून मालिका जिवंत केली, पण ते सगळे मोठे होते. शाळेला विद्यार्थी जवळपास उरलेच नाहीत, म्हणून १९८२मध्ये 'न्यू म्युटंट्स' नावाची नवी तुकडी भरावी लागली. पहिल्या तुकडीला तर प्राध्यापकांनी सातव्याच अंकात पदवी देऊन टाकली होती. पदवी घेऊनही पाचही जण त्याच वाड्यात, त्याच गणवेशात राहत होते.